चुकलेलं पान फाडू नका

जूनचा दुसरा आठवडा लागला की आमच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवायला मिळत नाही. त्यावर तीन कड्यांची जाड फाइल उघडी पडलेली असते. भोवती पंच मशीन, रंगीत विभाजक, लायब्ररीच्या पावत्या, वॉटरकलरने पोपडे धरलेली चित्रं आणि कुठल्याशा सहलीत गोळा केलेलं एक वाळकं पान. आम्ही तिघं ताटं हातात घेऊन ओट्याला टेकून जेवतो. नवरा म्हणतो, "यापेक्षा इन्कम टॅक्स सोपा."

आम्ही पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला चेस्टर काउंटीत राहतो. लेक नऊ वर्षांची आहे. ती शाळेत जात नाही, मी तिला घरीच शिकवते. नवऱ्याच्या नोकरीपायी आमची दोनदा बिऱ्हाडं हलली. तेव्हा 'तात्पुरतं' म्हणून सुरू केलेल्या घरच्या शाळेला आता तीन वर्षं झाली. टेबलावरची ती फाइल म्हणजे तिचा वर्षाचा पोर्टफोलिओ. ३० जूनच्या आत तो एका मान्यताप्राप्त व्यक्तीला दाखवायचा, त्या व्यक्तीने मुलीशी बोलायचं आणि 'या मुलीचं योग्य शिक्षण होत आहे' असा दाखला द्यायचा. तो एका पानाचा दाखला शाळा-जिल्ह्याच्या सुपरिंटेंडेंटकडे पोचला की आमचं वर्ष संपलं.

पहिल्या वर्षी हे सगळं सासूबाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या जरा वेळ गप्पच राहिल्या. वाईजवळच्या गावांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर त्यांनी आयुष्य काढलं. २०१६ साली निवृत्त झाल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "परीक्षा नाही, हजेरीपट नाही, निकाल नाही. मग पोर पुढच्या वर्गात गेली हे ठरवतं कोण?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मलाही त्या वर्षी धड माहीत नव्हतं.

अमेरिकेत शिक्षण हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे घरी शिकवण्याचे नियम राज्य बदललं की बदलतात. डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलं, की पोर्टफोलिओही नाही आणि मूल्यमापनही नाही. एडिसनला राहणारी माझी मैत्रीण जूनमध्ये निवांत आंबे शोधत फिरते. न्यू यॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. मेरिलँडमध्ये शाळाखात्याचे लोक वर्षातून तीनदापर्यंत फाइल तपासू शकतात. फ्लोरिडात पोर्टफोलिओ दोन वर्षं जपून ठेवावा लागतो आणि वर्षाचं मूल्यमापन कसं करून घ्यायचं याचे काही पर्याय पालकांपुढे असतात. पेनसिल्व्हेनियाची गणना कडक राज्यांत होते.

या कडकपणालाही इतिहास आहे. १९८८ पर्यंत इथल्या कायद्यात मुलाला 'योग्य पात्रतेच्या खासगी शिक्षकाकडून' शिकवण्याची मुभा होती, पण ती पात्रता कोणती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. राज्यात सुमारे पाचशे शाळा-जिल्हे आहेत. प्रत्येक ठिकाणचा सुपरिंटेंडेंट आपल्या मताने अर्थ लावी. एकाकडे परवानगी मिळे, शेजारच्याकडे पालकांवर खटला भरला जाई. काही कुटुंबं फेडरल कोर्टात गेली आणि कोर्टाने १९८८ मध्ये ही तरतूद संदिग्ध म्हणून घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षअखेरीस 'ॲक्ट १६९' आला. आमच्या टेबलावरचा पसारा त्याच कायद्याचा.

त्यातली मुख्य कलमं अशी. दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत सुपरिंटेंडेंटकडे प्रतिज्ञापत्र द्यायचं. वर्षभरात कुठल्या विषयात काय साधायचं याची रूपरेषा आणि लसीकरणाचे पुरावे त्याला जोडायचे. शिकवणारा पालक किमान हायस्कूल झालेला हवा. वर्षात १८० दिवस शिकवायचं, किंवा दिवस मोजायचे नसतील तर प्राथमिक स्तरावर ९०० तास आणि माध्यमिकला ९९०. विषय ठरलेले आहेत: इंग्रजी, अंकगणित, विज्ञान, भूगोल, अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास, नागरिकशास्त्र, आरोग्य, व्यायाम, संगीत, चित्रकला आणि सुरक्षितता. हे सगळं इंग्रजीतून शिकवणार असंही प्रतिज्ञापत्रात लिहून द्यावं लागतं. त्यामुळे आमचं मराठी वाचन आणि आजीबरोबरचे पाढे हे वरचं काम, पण तेही मी फाइलीत लावते.

आणि मग पोर्टफोलिओ. कायद्याने त्यात मोजक्याच गोष्टी मागितल्या आहेत. शिकवतानाच, त्या त्या वेळी लिहिलेली नोंदवही, जिच्यात वाचलेल्या पुस्तकांची नावं असतील. मुलाच्या लेखनाचे, स्वाध्यायांचे, चित्रांचे नमुने. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या वर्षी वाचन-भाषा आणि गणित यांच्या प्रमाणित चाचणीचा निकाल. कायद्याची मागणी इथे संपते.

पण पहिल्या वर्षी मी घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस कागद वाढवतो. मी फाइलीत चारशेच्या वर पानं कोंबली. बरं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी नोंदवही लिहिलीच नव्हती. पाहुणे आले, आजारपणं झाली, 'उद्या लिहू' म्हणता म्हणता हिवाळा संपला. मे महिन्यात मी फोनमधले फोटो, लायब्ररीच्या खात्यातली पुस्तकांची यादी आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर समोर ठेवून ते चार महिने जुळवत बसले. कायदा 'त्या त्या वेळी' का म्हणतो, हे तेव्हा कळलं. मागाहून लिहिलेल्या वहीत सगळे दिवस सारखेच निघतात. कुठल्या मंगळवारी मुलगी घड्याळ वाचायला शिकली आणि कुठल्या गुरुवारी रडली, हे त्यात उरत नाही.

मूल्यमापक आपण निवडायचा असतो. राज्याचं प्रमाणपत्र असलेला शिक्षक, परवानाधारक मानसशास्त्रज्ञ किंवा खासगी शाळेतला शिक्षक-प्रशासक चालतो. आई-वडिलांनाच तो होता येत नाही. आम्ही एका निवृत्त शिक्षिकेकडे गेलो. आयुष्यभर तिसरी-चौथीला शिकवलेल्या बाई. लायब्ररीतल्या एका छोट्या खोलीत भेट ठरली. मी मुलीला स्वच्छ फ्रॉक घातला, वेणी घातली आणि फाइल दोन्ही हातांनी उचलून आत नेली.

बाईंनी शांतपणे काही पानं उलटली. सगळी नीटनेटकी. एकही खोडाखोड नाही, एकही चूक नाही. कारण चुकलेलं पान मी फाडून टाकायची आणि मुलीकडून पुन्हा लिहून घ्यायची. मराठी शाळेतली सवय: फेअर वही वेगळी, रफ वही वेगळी, आणि साहेबांपुढे जायची ती फेअर. बाईंनी एका गणिताच्या पानावर बोट ठेवून विचारलं, "हे कधीचं?"

मला सांगता येईना. पानावर तारीख नव्हती.

"आणि याच्या आधीचं? जेव्हा तिला हे येत नव्हतं तेव्हाचं?"

ते कचऱ्यात गेलं होतं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फाइल बाजूला सारली, मुलीकडे वळल्या आणि विचारलं, "गेल्या वर्षी तुला जमत नव्हतं आणि आता जमतं, असं काय काय आहे?" माझी सात वर्षांची पोर बोटं मोजत सांगायला लागली: बुटाची नाडी, घड्याळातला अर्धा तास, 'बी' आणि 'डी' उलटे न काढणं, आजीला फोन स्वतः लावणं. वीस मिनिटं ती बोलत होती. दाखला मिळाला. पण तो माझ्या चारशे पानांमुळे मिळाला नव्हता, हे घरी येताना गाडीत मला पक्कं कळलं होतं.

रात्री सासूबाईंना फोन केला. वाटलं, त्या म्हणतील, 'बघ, परीक्षा असती तर बरं झालं असतं.' पण त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, आम्हाला २०१० मध्ये हेच करायला सांगितलं होतं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी शाळेत असताना नव्हतंच. शिक्षणहक्क कायदा आला आणि महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. एका वार्षिक परीक्षेऐवजी आकारिक आणि संकलित असे दोन भाग. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहायच्या आणि त्याच्या कामाची संचिका ठेवायची. "संचिका म्हणजेच तुझा तो पोर्टफोलिओ. कल्पना चांगली होती. पण एका वर्गात चाळीस पोरं, त्यात माझ्याकडे दोन इयत्ता एकत्र. मग नोंदींची आयती पुस्तकं बाजारात आली. बायका रात्री बसून त्यातली वाक्यं उतरवायच्या. 'वर्गात हिरिरीने भाग घेतो.' 'सुवाच्य अक्षर काढतो.' नाव बदललं की कुठल्याही पोराला चालायचं."

"मग तुम्ही काय करायचात, आई?"

"मी रोज चारच पोरांची नोंद लिहायचे, पण त्यांच्याकडे बघून लिहायचे. 'गणितात चांगली प्रगती' ही नोंद नव्हे, तो आशीर्वाद झाला. काय येतं, कुठे अडतं आणि तू काय केलंस, ही तीन वाक्यं लिही. आणि पोराने चुकवलेलं पान सांभाळ. ते नसेल तर बरोबर आलेल्या पानाला काही किंमत नाही."

चेस्टर काउंटीतल्या त्या बाई आणि वाईच्या माझ्या सासूबाई एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. दोघींनी एकाच दिवशी मला एकच गोष्ट सांगितली. प्रगती एका पानात दिसत नाही. त्याला दोन पानं लागतात, आणि दोन्हींवर तारीख लागते.

दुसऱ्या वर्षापासून आमची पद्धत बदलली. प्रत्येक विषयाचे तीनच नमुने ठेवायचे: सप्टेंबरचा, जानेवारीच्या आसपासचा आणि मेचा. तारीख मुलीने स्वतः उजव्या कोपऱ्यात घालायची. खोडरबर वापरायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारायची. उदाहरणादाखल दुसरीच्या फाइलीतली वजाबाकी सांगते. सप्टेंबरच्या पानावर आहे: ४०२ वजा १७८ बरोबर ३७६. पाहताक्षणी नुसतं चूक. पण सासूबाईंना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या, "बघ ना, तिने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलंय. दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य. तिने स्वतःचा नियम केलाय, फक्त तो चुकीचा आहे." मग आम्ही दहा-दहाच्या काड्यांच्या जुड्या बांधल्या. शतक सोडून दशक केले, दशक सोडून एकक केले. जानेवारीच्या पानावर त्याच जातीच्या गणितात खाडाखोड आहे, पण उत्तर बरोबर आहे. मेच्या पानावर २२४ आहे आणि बाजूला तिने एक हसरा चेहरा काढलाय. ही तीन पानं एकापुढे एक लावली की मला काहीच सांगावं लागत नाही.

नोंदवही आता रोज रात्री भांडी झाल्यावर चार ओळींत लिहिते. वाचलेल्या पुस्तकाचं नाव, केलेलं काम, अडलेली एक गोष्ट. रविवारी सुट्टी. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं चुकवली की मे महिन्यात पाच रात्री जातात.

नवख्या पालकांची गाडी हमखास अडते ती सुरक्षिततेच्या विषयावर. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात आगीचे धोके आणि त्यांपासून बचाव यांचं शिक्षण नियमित व सतत द्यावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या घरी या विषयाचा तास मिरचीची फोडणी घेते. लाकडी घर, बुटकं छत, मोहरी तडतडली की छताला लावलेला स्मोक अलार्म कर्कश ओरडायला लागतो. पूर्वी मी टॉवेल हलवत धावायची. आता तो वाजला की लेक हातातलं टाकून ठरलेल्या वाटेने बाहेर पडते आणि टपालपेटीपाशी जाऊन उभी राहते. किती सेकंद लागले ते वहीत लिहिते. तिने घराचा नकाशा काढून बाहेर पडायच्या दोन वाटा लाल पेन्सिलीने दाखवल्या आहेत. दिवाळीत पणत्या पडद्यापासून किती लांब ठेवायच्या याचं एक पान आहे. गेल्या वर्षी बाईंनी ते पान वाचलं आणि फोडणी म्हणजे काय, हे मुलीने त्यांना अभिनयासकट समजावून सांगितलं.

एकाच कामात अनेक विषय बसतात, हेही सावकाश उमगलं. गेल्या जूनमध्ये अंगणात काजवे आले. मला भंडारदऱ्याची आठवण झाली, लेकीला बरणीची. दोन काजवे पकडले, उजेड मोजला, अर्ध्या तासाने सोडून दिले. मग लायब्ररीतून पुस्तक आणलं. त्यात सापडलं की काजवा हा पेनसिल्व्हेनियाचा अधिकृत राज्यकीटक आहे. १९७४ साली तो तसा ठरला, आणि त्यासाठी अप्पर डार्बीच्या एका प्राथमिक शाळेतल्या मुलांनी आमदारांचा पिच्छा पुरवला होता. लेक हरखून गेली: लहान मुलांनी कायदा करवून घेतला! तिने काजव्याचं चित्र काढलं, अर्धं पान निबंध लिहिला आणि कायदा कसा होतो याचा बाणांचा तक्ता केला. विज्ञान, राज्याचा इतिहास, नागरिकशास्त्र, लेखन आणि चित्रकला, सगळं दोन पानांत. व्हॅली फोर्जची सहल किंवा फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमधलं आतून चालत जाता येणारं प्रचंड हृदय यांचंही असंच. तिकीट चिकटवलं म्हणजे काम झालं नाही. तिथून आल्यावर तिने काय विचारलं, ते लिहिलं तर झालं.

यंदा तिसरीचं वर्ष, म्हणजे चाचणी आली. ती आई-वडिलांनी घ्यायची नाही असा नियम आहे. म्हणून इथलीच एक मैत्रीण आणि मी, आम्ही पोरींची अदलाबदल केली. माझी लेक तिच्या टेबलावर, तिची माझ्या. निकाल फाइलीत लावला. किती गुण हवेत याची अट कायद्यात नाही. तरी वाचनातले गुण बघून मला दोन रात्री झोप लागली नाही हे कबूल करते. सासूबाई म्हणाल्या, "तो एका सकाळचा आकडा आहे. बाकीच्या १७९ दिवसांची वही तुझ्याकडे आहे ना?"

आणखी एक बदल मला बाईंकडून कळला. २०१४ पर्यंत हा सगळा पोर्टफोलिओ सुपरिंटेंडेंटच्या कचेरीतही द्यावा लागे, म्हणजे तपासणी दोनदा. त्या वर्षी कायदा सुधारला. आता फाइल फक्त मूल्यमापकाने पाहायची, कचेरीत एकट्या दाखल्याचं पान जातं. मुलाचं शिक्षण नीट होत नाही असा सबळ संशय आला, तर कचेरी सर्टिफाइड टपालाने पत्र पाठवून मूल्यमापन मागू शकते. त्यासाठी ३० दिवस मिळतात. म्हणून दाखला गेला तरी फाइल टाकायची नाही. देश बदलला, शाळेत घालायची वेळ आली, तर पोर काय शिकली याचा पुरावा तीच.

महाराष्ट्रात मुलांना घरी शिकवणारी कुटुंबं आता ठिकठिकाणी भेटतात. तिथे अशी कायद्याने ठरवलेली वार्षिक पद्धत नाही. मूल्यमापकही नाही आणि दाखलाही नाही. ती मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी देतात, त्यासाठी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळामार्फत पाचवी आणि आठवीही देता येते. पण सहा ते दहा या वयात कुणीच विचारायला येत नाही. मोकळीक असते, तशी आपण पुढे चाललोय की एका जागी फिरतोय हे न कळण्याची भीतीही असते. अशा घरांना माझं सांगणं एवढंच: कुणी मागत नसलं तरी फाइल ठेवा, आणि वर्षातून एकदा ती घराबाहेरच्या एखाद्या जाणत्या शिक्षकापुढे उघडा. तो तुमच्या मुलाला प्रश्न विचारेल तेव्हा तुम्ही मध्ये उत्तर देऊ नका. पहिल्या वर्षी मला हेच सगळ्यात जड गेलं.

यंदाची भेट गेल्या बुधवारी झाली. फाइल सत्तर पानांची. बाईंनी सप्टेंबरचं पान काढलं, मेचं काढलं आणि दोन्ही मुलीपुढे ठेवून म्हणाल्या, "या दोघींमध्ये काय फरक आहे सांग." लेकीने सप्टेंबरच्या निबंधाकडे पाहिलं. कुठेही पूर्णविराम नसलेलं अख्खं पान. ती खुदकन हसली. "हिला श्वास घ्यायला शिकवलं नव्हतं," ती म्हणाली. बाईंनी दाखल्यावर सही केली.

तुमची मुलं शाळेत जात असोत की घरी शिकत असोत, आज रात्री त्यांच्या वहीतलं एक चुकलेलं पान काढा, कोपऱ्यात तारीख घाला आणि कपाटात ठेवून द्या. सहा महिन्यांनी ते मुलाच्याच हातात द्या. निकाल तेच सांगेल.